पुलापलीकडचं पाणी

१४ जून

ताई,

आधी नमस्कार. नाहीतर तुझ्या उत्तरातल्या पहिल्या दोन ओळी मला दटावण्यातच जातात.

पेपरातली बातमी मी नाही वाचली, ह्यांनी वाचली. छापखाना उघडा टाकून भरदुपारी घरी आले, हातांना शाई तशीच, आणि दारातूनच ओरडले, "अगं, तुझी बहीण!" मला वाटलं तुला काही झालं. मी रडायलाच लागले. मग कळलं, की तू साऱ्या शहराची मुख्य आरोग्य अधिकारी झालीस, तेव्हा पुन्हा रडले. हे म्हणाले, "एकदा काय ते ठरव, आनंद की दुःख, म्हणजे मला तसा चेहरा करता येईल."

बाई म्हणून त्या खुर्चीत तू पहिलीच, असंही छापलंय. लहानपणी लस टोचायची म्हणून माझ्या बाहुलीच्या दंडाला सुईने भोकं पाडली होतीस, ते नाही छापलं. सगळा भुसा गळाला होता तिचा. शहराने सांभाळून राहावं म्हणजे झालं.

आता कामाचं. आमची खारू तुझ्याच शहरात संसाराला लागली आहे, पुलापलीकडच्या नव्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. एकुलती एक लेक, आणि जावई सकाळी जातो तो संध्याकाळी उगवतो. तिच्याकडे जरा लक्ष असू दे. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. मी काही एवढ्यात मरत नाही, पण जवळ तू आहेस.

आणि ह्यांच्या मित्राच्या बेकरीचा परवाना तुझ्या कचेरीत अडकलाय म्हणे. बघशील का?

तुझी धाकटी


२ जुलै

धाकटे,

नमस्कार पोचला. बाहुलीचं अजून विसरली नाहीस, तेही पोचलं.

माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यात आहे. आधीच्या साहेबांच्या काळात खिडकी बंद ठेवूनच रंगवली होती, त्यामुळे ती रंगानेच चिकटून बसलेली. पहिल्याच दिवशी सुतार बोलावून उघडून घेतली. खाली कचऱ्याच्या गाड्या धुण्याचं आवार निघालं. खिडकी का रंगवली ते नाकाला लगेच कळलं. शिपाई म्हणाला, "बाई, लावून घेऊ का?" म्हटलं, राहू दे. शहराचा वास मला नाही तर कुणाला यायचा?

बेकरीचं पाहिलं. स्वतः जाऊन पाहिलं. पिठाच्या कोठीत उंदीर आहेत. परवाना मिळणार नाही. तुझ्या ह्यांना माझ्या वतीने तूच समजाव, तुझं ऐकतात. या खुर्चीत बसलं की माझं कुणी नाही, असं धरून चालायचं ठरवलं आहे. आपल्या माणसाला एकदा पुढे घेतलं की मागे रांग म्हणून उरत नाही.

खारूकडे रविवारी जाऊन आले. घर नीटनेटकं ठेवलंय. पेन्सिलीचं टोक अजून कुरतडते. मी हातावर चापट मारली तर म्हणाली, "मावशी, आता माझं लग्न झालंय." म्हटलं, दात तेच आहेत ना?

तुझी ताई


१९ नोव्हेंबर

ताई,

बेकरीवाला महिनाभर ह्यांच्याशी बोलत नव्हता. आता बोलतो, कारण त्याने खरंच कोठी पाडून नवी बांधली आणि परवाना मिळाला. वर सगळ्यांना सांगतो, "खुद्द मुख्य अधिकाऱ्यांनी पास केलेली बेकरी." तुझ्या नावावर पाव खपताहेत.

आता बस, मग पुढचं वाच. खारूला दिवस गेले आहेत. तुला तिने सांगितलंच असेल, पण मला तुला सांगायचं होतं. मे महिन्याच्या शेवटाला. तुमच्याकडचं हॉस्पिटल चांगलं, शिवाय तू आहेस, म्हणून तिथेच. मी आधी पंधरा दिवस येऊन राहणार. हे आत्तापासून बाळाचं नाव कुठल्या टायपात छापायचं त्यावर डोकं लढवताहेत. मुलगा की मुलगी, पत्ता नाही.

खारूची तुझ्याविरुद्ध एक तक्रार आहे. लिहिते, "मावशी येते, आधी मोरीत डोकावते, मग नळ सोडून बघते, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे बघते." मी उत्तर दिलं, बाई गं, माझ्या घरी आली की आधी माझ्याकडेही बघत नाही, माठाच्या झाकणाकडे बघते.

पण एक सांगू? ती तक्रार करताना खूश असते.

तुझी धाकटी


९ एप्रिल

धाकटे,

इतके दिवस लिहिलं नाही. गोवराच्या मोहिमेत होते. पुलाखालच्या वस्तीत पहिल्या दिवशी बायकांनी आम्हाला पाहून दारं लावून घेतली. आमच्या नर्सबाई वैतागल्या. मी एका पायरीवर बसून राहिले. ऊन चढलं, तसं एक दार किलकिलं झालं आणि आतून आवाज आला, "अहो बाई, मराल की उन्हात." म्हटलं, मग आत घ्या. घेतलं. एकीने घेतलं, की शेजारणीला राहवत नाही.

परवा हॉस्पिटलात गेले तर गोवराच्या वॉर्डात निम्म्या खाटा रिकाम्या. गेल्या वर्षी एकेका खाटेवर दोन दोन पोरं होती. मी नुसती बघत उभी राहिले. तिथल्या सिस्टरला वाटलं मी तपासणीला आले, ती घाईघाईने चादरी ओढायला लागली.

सध्या कचेरीत जरा गडबड आहे. जास्त लिहीत नाही. या आठवड्यात खारूकडे जायला जमेलसं दिसत नाही. तिला म्हणावं, पाणी उकळून प्यावं. उन्हाळा आहे, सगळ्यांनीच प्यावं. तुझं पत्र तिला जातंच, त्यात घाल.

तुझी ताई


२२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचून हे म्हणाले, "पत्राखाली सही नसती तरी ओळखलं असतं. पाणी उकळून प्या." तुला आठवतं का, सहलीला गेलो होतो तेव्हा तू झऱ्याचं पाणी पिऊ दिलं नव्हतंस, सगळ्यांच्या बाटल्या ओतून टाकल्या होत्यास? बाबा म्हणाले होते, हिला सासर शोधायचं तर चुलीला चिकटलेलं शोधा. तू सासरच शोधू दिलं नाहीस, तो भाग वेगळा.

खारूला लिहायचं राहूनच गेलं बघ. तिच्यासाठी झबली शिवतेय, सगळं पत्र त्यानेच भरलं. पुढच्या पत्रात घालीन म्हटलं, तर तिचंच पत्र आलं. तुमच्याकडे म्हणे भोंगे लावून गाड्या फिरताहेत, पाणी उकळा, पाणी उकळा. लिहिते, "मावशी आता गल्लोगल्ली ओरडत फिरतेय." उकळतेय म्हणाली. म्हणजे माझ्या सांगण्याची गरजच पडली नाही. साऱ्या शहराचीच ताई झालीस तू.

थोडी मळमळ होते, थकवा येतो, असं लिहिलंय. दिवस भरत आले की व्हायचंच. मी पंधरा मेला निघते. झबली सहा झाली, टोपडी राहिलीत.

तुझी धाकटी


११ मे

धाकटे,

हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय, तो घरी आणून देईल. मिळेल त्या गाडीने निघा. दोघंही या. खारूला कावीळ झाली आहे. हॉस्पिटलात आहे, मी तिच्याजवळ आहे. सामान बांधत बसू नकोस.

ताई


३० मे

धाकटे,

तुम्ही गेलात त्याला आज दहा दिवस झाले. गाडीत बसताना तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. पाहावंस असं मी म्हणत नाही.

त्या दिवशी व्हरांड्यात तू मला विचारलंस, "तुला माहीत होतं?" खारू शुद्धीत नव्हती, बाळ गेलेलं होतं, आणि मी नर्सला हाक मारायचं निमित्त करून तुझ्यासमोरून उठले. त्याचं उत्तर तुझं देणं आहे.

हो. माहीत होतं.

पुलाजवळ एका चरातून पिण्याच्या पाण्याचा नळ जातो आणि सांडपाण्याचाही. मार्चच्या शेवटी पलीकडच्या वसाहतीतून काविळीची माणसं यायला लागली. पाण्याचा पहिला अहवाल मी तुला पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी हातात आला. पाणी खराब होतं. मी तो घेऊन आयुक्तांकडे गेले. पाणीखात्याचे इंजिनीअर तिथेच बसले होते. म्हणाले, "एखादी बाटली अस्वच्छ असेल, बाई. नळ माझ्या हातचा आहे." आयुक्त म्हणाले, "दुसरा अहवाल येऊ द्या. पाण्याला घाबरलेलं शहर मला सांभाळता येणार नाही." मी वाद घातला. पण तिथून उठून सरळ भोंग्याची गाडी बाहेर काढायची, ते केलं नाही. त्यांची सही नव्हती. पायरीवर बसून राहिलं की दार उघडतं, अशी मला सवय लागली होती. आठवडाभर मी तशीच बसले.

तू म्हणशील, निदान खारूला सांगायचंस. कचेरीची गाडी खाली उभी होती. दोन ओळींची चिठ्ठी पाठवता आली असती. दोनदा लिहिली, दोनदा फाडली. तिच्याच जिन्याला पहिल्या मजल्यावर दोन गरोदर बायका राहतात. तिसऱ्या मजल्यावर चिठ्ठी द्यायची आणि पहिल्यावर नाही, हे माझ्याने होईना. सगळ्यांना सांगायची हिंमत नव्हती, आणि एकटीला सांगायची लाज वाटली. मग तुला ती ओळ लिहिली, उन्हाळ्याचं नाव पुढे करून. घाबरत घाबरत लिहिलेली ओळ कुणाला घाबरवत नाही. तुझी त्यात काही चूक नाही.

काविळीतून इतर माणसं आठ-पंधरा दिवसांत उठून बसतात. दिवस भरत आलेल्या बाईला ती तशी सोडत नाही. हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे.

शेवटच्या शुद्धीत तिने मला विचारलं, "आई निघाली का?" मी म्हटलं, वाटेत आहे. तेव्हा तुम्ही खरंच वाटेत होतात.

ताई


१८ जून

ताईंना नमस्कार.

तुमची बहीण पत्र लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. आजवर तिच्या पत्रांत मी फक्त विनोदापुरता असायचो, त्यामुळे मला हे नीट जमेल की नाही ठाऊक नाही.

तुमचं पत्र तिने वाचलं. एकदा मोठ्याने वाचलं, मग रोज मनात वाचते. घरातलं काम करते, जेवते, कुणी आलं तर बोलते. झबली कपाटात ठेवली आहेत, ते कपाट मी उघडायचं नाही.

तुमच्यावर राग आहे. मलाही आहे, खोटं कशाला सांगू? मी बाप आहे. पण तिचा निम्मा राग स्वतःवर आहे, आणि तो तिला जास्त जाळतो. परवा मला म्हणाली, "ताईने मला सांगितलं होतं. मी झबल्यांचं लिहिलं." एवढंच. मी म्हटलं, त्याने काही झालं नसतं. म्हणाली, "तुम्हाला काय कळतंय?" खरंच आहे, मला काय कळतंय? छापताना चूक झाली तर मी शुद्धिपत्र काढू शकतो. इथे मला एक शब्द सुचत नाही.

तुम्ही लिहीत राहा. ती उत्तर देणार नाही, पण पोस्टमनची वेळ झाली की अंगणात काहीतरी काम काढते.

आपला


५ सप्टेंबर

धाकटे,

तुझ्या ह्यांचं पत्र आलं. त्यांना सांग, नीट जमलं.

चौकशी समितीपुढे माझी साक्ष झाली. एका लांबलचक टेबलामागे पाच जण, आणि पाण्याचा जग मध्यभागी. कुणी त्याला हात लावत नव्हतं. आयुक्तांनी सांगितलं, आम्ही तांत्रिक सल्ल्याप्रमाणे चाललो. तांत्रिक सल्ला म्हणजे मी. मी अहवाल केव्हा मिळाला, कुणाला दाखवला, कोण काय म्हणालं आणि मी काय केलं नाही, ते सगळं सांगितलं. इंजिनीअर बाहेर व्हरांड्यात भेटले. रडत होते. तो नळ टाकला तेव्हा ते नव्या नोकरीत होते.

मला त्या खोलीतून हलवलंय. आता मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत बसते. नोकरीचं एक वर्ष उरलंय, ते इथेच काढायचं. माझ्या जागी एक तरुण डॉक्टर आलाय, चुणचुणीत आहे. परवा भेटायला आला होता. नवा नियम झाला आहे, पहिला अहवाल खराब आला की त्याच संध्याकाळी गाड्या निघायच्या, कुणाच्या सहीसाठी थांबायचं नाही. आयुक्तांच्याही नाही. मसुदा मी लिहून दिला होता, त्यातला एक शब्द कमी झाला नाही. लोक माझं अभिनंदन करतात. मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

पहिल्या मजल्यावरच्या दोघींतली एक गेली. दुसरी वाचली, मुलगी झाली. नावाची नोंद करायला ती नवऱ्याला घेऊन आली होती. मला ओळखलं तिने. म्हणाली, "तुम्ही वरच्या ताईंच्या मावशी ना?" आणि बाळ माझ्या हातात दिलं. मला धरवेना. मी टेबलावर ठेवलं, कागदांवर, आणि सही केली.

ताई


२० ऑक्टोबर

ताई,

मला एकच विचारायचं आहे. बाकी काही लिहिणार नाही.

तुझं एप्रिलचं पत्र मला बारा तारखेला मिळालं. त्याच दिवशी मी खारूला लिहायला बसले होते. ती ओळ घातली असती तर पत्र तिला दोन दिवसांत पोचलं असतं. गाड्या फिरल्या त्यानंतर. मधले दोन दिवस तिने तसंच पाणी प्यायलं, कारण मी लिहिलं नाही.

ती ओळ मी लिहिली असती तर खारू वाचली असती का?

ह्यांना विचारलं तर हे नाही म्हणतात. जावई नाही म्हणतो. शेजारीपाजारी नाही म्हणतात. त्यांच्या नाही म्हणण्याला काय अर्थ आहे? तू डॉक्टर म्हणून सांग. बहीण म्हणून सांगू नकोस. तू खोटं बोलत नाहीस, एवढं एक मला तुझ्याबद्दल माहीत आहे.

धाकटी


२६ ऑक्टोबर

धाकटे,

नाही. वाचली नसती.

ही कावीळ पाण्यातून पोटात गेल्यावर लगेच दिसत नाही. डोळ्यांत उतरायला महिना-दीड महिना घेते. खारूचे डोळे मेच्या पहिल्या आठवड्यात पिवळे झाले. मागे मोजत गेलं तर तिला लागण मार्चमध्येच झालेली होती. तेव्हा पाण्याचं तुला काय, मलाही काही माहीत नव्हतं. तू ती ओळ लिहिली असतीस, तिने त्याच क्षणी पाणी उकळलं असतं, तरी जे व्हायचं ते आत होऊन गेलेलं होतं.

हे मी डॉक्टर म्हणून सांगतेय. तुझ्या पत्राने काही फरक पडला नसता. पुन्हा विचारलंस तर पुन्हा हेच सांगेन.

आता रात्री झोपत जा.

ताई


१७ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी झोपले. दुसऱ्या दिवशीही झोपले. कितीतरी महिन्यांनी ह्यांना मला हलवून उठवावं लागलं.

गेल्या आठवड्यात छापखान्यात रद्दीचे गठ्ठे आले. शाई पुसायला हे जुने पेपर घेतात ना, ते. मी डबा द्यायला गेले होते. वरच्याच गठ्ठ्यात तुमच्याकडचा पेपर होता, ऑगस्टमधला, आणि त्यात तुझी साक्ष छापलेली होती, पानभर. हे म्हणाले, "नको वाचूस." मी तिथेच स्टुलावर बसून वाचली.

समितीच्या एका माणसाने तुला विचारलं, "तुमच्या स्वतःच्या भाचीचा मृत्यू या दिरंगाईमुळे झाला असं तुमचं मत आहे का?" तू म्हणालीस, "तिची लागण मार्चमधली की त्याच आठवड्यातली, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. हा रोग कधी पंधरा दिवसांतही दिसतो. तो आठवडा वाया गेला नसता तर ती आज जिवंत असू शकली असती." त्याने विचारलं, "असू शकली असती?" तू म्हणालीस, "होय. आणि तिच्यासारख्या इतरही."

मी ते दोनदा वाचलं. मग घरी येऊन तुझं पत्र वाचलं.

हे जेवायला आले तेव्हा मी म्हटलं, ताई खोटं बोलायला शिकली. ह्यांनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाले, "या वयात शिकली, म्हणजे अवघड गेलं असेल." मग आम्ही दोघंही रडलो. खारू गेल्यापासून एका वेळी, एका खोलीत रडलो नव्हतो.

साक्षीत तू सांगितलंस ते शहराला हवंच होतं. त्यात बदल करू नकोस. आणि मला लिहिलंस तेही बदलू नकोस. मला माहीत आहे ते कसं आहे. तरी रात्री मी तेच वाचते.

नोकरी संपली की तिथे एकटी काय करणार आहेस? मागची खोली रिकामी आहे. ह्यांनी रंगवून घेतली, खिडकी उघडीच ठेवून, असं तुला मुद्दाम कळवायला सांगितलंय. ये. मी तुला माफ केलं आहे की नाही, मला खरंच माहीत नाही. एखाद्या दिवशी तुला वाट्टेल ते बोलेन. एखाद्या दिवशी बोलणारच नाही. तू ऐकून घे, आणि माझ्या अंगावरही ओरड, ओळ लिहिली नाही म्हणून. तुझ्याखेरीज त्यावरून मला ओरडू शकेल असं कुणी नाही.

कुठल्या गाडीने येतेस ते कळव. दार मी उघडेनच असं सांगत नाही. हे उघडतील. तू आत ये.

तुझी धाकटी